‘तू कोन शे?’ आणि ‘याले देऊ का?’ : ऑथरायझेशन सर्व्हरपुढची दोन पानं

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. रावेर तालुक्यातल्या केळी उत्पादकांच्या एका कंपनीसाठी तुम्ही एकच खातं आणि त्यावर चालणारी तीन अॅप्स उभी करताय. एक घड-नोंदीचं, एक काट्यावरच्या वजनाचं आणि तिसरं बाहेरच्या ठिबकवाल्याचं. मध्ये ओरी हायड्रा हा ऑथरायझेशन सर्व्हर बसवलाय. टोकन, म्हणजे अॅपला माहितीपर्यंत पोचू देणारा पास, तो देतो, पण लॉगिनचं आणि संमतीचं पान तुम्हालाच लिहायचंय आणि गाडी तिथेच अडलीय. लॉग आउट केल्यावरही सायबरमध्ये पुढच्या शेतकऱ्याला आधीच्याचं खातं दिसतं. फोनमध्ये पासवर्ड परत परत मागितला जातो. कुणी बॅकचं बटण दाबलं की लाल अक्षरांत चूक येते. आणि कंपनीचे संचालक म्हणतात, दोन पानं कशाला, एकातच उरका.

संचालकांपासून सुरुवात करतो, कारण ते आधी ठरलं की बाकीच्या तिन्ही तक्रारी समजायला सोप्या जातात. उरकू नका. दोन पानं दोनच ठेवा.

अहिराणीत सांगायचं तर लॉगिनचं पान विचारतं, ‘तू कोन शे?’ संमतीचं पान विचारतं, ‘याले देऊ का?’ पहिल्याचं उत्तर माणसापाशी एकच असतं, अॅप कुठलंही असो. दुसऱ्याचं उत्तर अॅपगणिक बदलतं. घड-नोंदीला हो म्हणणारा माणूस ठिबकवाल्याला नाही म्हणू शकतो, आणि आज हो म्हटलेलं उद्या मागेही घेऊ शकतो. ‘तू कोण’ याचं उत्तर काही मागे घेता येत नाही. दोन्ही एका फॉर्ममध्ये कोंबले की पासवर्ड बरोबर आला म्हणजेच परवानगी मिळाली, असा अर्थ कोडमध्ये आपोआप शिरतो. मग पुढच्या वेळी माणूस आधीच लॉगिन असेल तर काय दाखवायचं? पासवर्डची चौकट लपवून उरलेला अर्धा फॉर्म? असलं कोड मी पाहिलंय आणि दुरुस्तही केलंय. दुसऱ्यांदा करायची इच्छा नाही.

हायड्राने वापरकर्त्यांची यादी स्वतःकडे का ठेवली नाही, असं तुम्ही विचारलंय. ओऑथ २.० ही एका सेवेतली माहिती दुसऱ्या अॅपला वापरू द्यायची ठरलेली पद्धत, हायड्रा तीच पाळतो. तिचं मूळ दस्तऐवज आरएफसी ६७४९ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची क्रमांकित कागदपत्रं), ऑक्टोबर २०१२ चं. त्यातच स्पष्ट म्हटलंय की माणसाची ओळख सर्व्हरने कशी पटवायची हा विषय या दस्तऐवजाच्या कक्षेबाहेरचा. पासवर्ड घ्या, ओटीपी घ्या, अंगठा घ्या. पुढे २०१४ मध्ये ओऑथवरच बसणारं ओपनआयडी कनेक्ट आलं. कोण माणूस, कधी ओळख पटली, हे आयडी टोकनात, म्हणजे ओळखीच्या सही केलेल्या दाखल्यात, कसं लिहायचं ते त्याने ठरवून दिलं. ओळख कशी पटवायची ते मात्र तेव्हाही मोकळंच राहिलं. हायड्राने ती मोकळी जागा तशीच तुमच्या हातात दिलीय, इतकंच.

जिनिंगवर कापसाची गाडी नेली असेल तर या रचनेत नवीन काही नाही. गेटवर चिठ्ठी मिळते. ती घेऊन काट्यावर जायचं, वजन चिठ्ठीवर चढतं. मग प्रत बघणारा बोंड हातात घेऊन शेरा मारतो. पैसे या दोघांपैकी कुणीच देत नाही, ते खिडकीवर मिळतात, आणि खिडकीवाला चिठ्ठीशिवाय बोलत नाही. इथे चॅलेंज म्हणजे ती चिठ्ठी. अॅपने माणसाला हायड्राकडे पाठवलं की हायड्रा त्याला लॉगिन चॅलेंज देऊन तुमच्या लॉगिन पानाकडे ढकलतो. तुमचं पान ती चिठ्ठी घेऊन मागच्या दाराने, म्हणजे ब्राउझरला न दिसणाऱ्या अॅडमिन एपीआयवर, विचारतं की ही गाडी कुणाची, कुठल्या अॅपकडून आली, काय मागते. माणसाची ओळख पटली की तुम्ही अॅडमिनला कळवता, ‘हा अमुक, मान्य’. उत्तरात परतीचा पत्ता येतो, माणसाला तिथे पाठवायचं. हायड्रा मग दुसरी चिठ्ठी, संमती चॅलेंज, देऊन संमतीच्या पानाकडे पाठवतो आणि तोच खेळ पुन्हा. शेवटी माणूस कोड घेऊन अॅपकडे परततो आणि अॅप त्या कोडाचं टोकन करून घेतं. तो कोड एकदाच चालतो, आणि दहा मिनिटांपेक्षा जास्त जगू नये अशी मूळ दस्तऐवजाचीच शिफारस आहे.

यातलं मागचं दार आधी बघा. नेहमीच्या मांडणीत हायड्राचं लोकांसाठीचं तोंड ४४४४ पोर्टवर असतं आणि अॅडमिनचं ४४४५ वर. अॅडमिनला स्वतःचं कुलूप नाही. जो तिथवर पोचला तो कुठलीही चिठ्ठी घेऊन ‘हा माणूस म्हणजे कंपनीचा अध्यक्ष’ असं म्हणू शकतो, आणि हायड्रा ते निमूटपणे मानतो. त्याचं कामच ते आहे. तुम्ही पाठवलेल्या डॉकर फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या मांडणीच्या फाइलमध्ये, दोन्ही पोर्ट बाहेर उघडे दिसताहेत. चाचणीपुरतं म्हणून उघडलेलं पोर्ट चालू सर्व्हरवर तसंच राहतं, हे मी एकदा नाही, तीनदा पाहिलंय. हे वाचून झालं की पहिलं काम ते करा. अॅडमिन फक्त आतल्या नेटवर्कवर, आणि तिथेही फक्त तुमच्या लॉगिन-संमतीच्या सेवेलाच पोचता येईल असं.

आता लॉगिन.

अॅडमिनकडून आलेल्या तपशिलात ‘स्किप’ नावाचं एक हो-नाही असतं. ‘हो’ म्हणजे हायड्रा सांगतोय की हा ब्राउझर माझ्या ओळखीचा आहे, माणूस आधी येऊन गेलाय, हा घे त्याचा सब्जेक्ट, म्हणजे ओळखीची खूण. अशा वेळी पासवर्डचं पान दाखवायचं नाही, तोच सब्जेक्ट देऊन मान्य करायचं. दुसरा सब्जेक्ट दिला तर हायड्रा विनंती फेटाळतो. पण डोळे मिटून मान्य करू नका. मधल्या काळात ते खातं बंद केलं असेल, सभासदाने राजीनामा दिला असेल, तर स्किप असूनही नकार द्यायचा हक्क तुमच्याकडे आहे. पुष्कळ जण ही तपासणी फक्त पासवर्डच्या वाटेवर घालतात आणि स्किपची वाट उघडी राहते. काढून टाकलेला कर्मचारी महिनाभर आत-बाहेर करतो आणि कुणाला पत्ता लागत नाही.

सब्जेक्ट काय ठेवायचा? तुमच्या कोडमध्ये मोबाईल नंबर आहे. हीच चूक मी केली होती. एका संस्थेच्या सभासदांसाठी लॉगिन लिहिलं, तेव्हा मोबाईल नंबरपेक्षा सोपी ओळख कुठली, असं वाटलं. नंबर प्रत्येकाला पाठ, ओटीपी त्याच्यावरच जाणार. दीडेक वर्षाने एक बाई संस्थेत आल्या. त्यांच्या फोनवर दुसऱ्याच कुणाच्या ठेवी दिसत होत्या. मूळ सभासदाचं सिम रिचार्जअभावी बंद पडलेलं, नंबर कंपनीने पुन्हा विकलेला. आपल्याकडे बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत, पण ९१ व्या दिवशी तो कुणाचाही होऊ शकतो. ओटीपी बरोबर आला, सब्जेक्ट तोच, सगळ्या अॅप्सनी आनंदाने दार उघडलं. चूक त्या बाईंची नव्हती, फोन कंपनीचीही नव्हती. ओपनआयडी कनेक्टचा नियम साफ आहे: सब्जेक्ट एका सर्व्हरपुरता एकमेव असावा आणि एकाचा दुसऱ्याला कधीही दिला जाऊ नये. म्हणून आतला, अर्थहीन, कधीही न बदलणारा क्रमांक वापरा. मोबाईल हा त्या क्रमांकाला जोडलेला एक गुण, बदलता येणारा. आणि सहा-आठ महिने न वापरलेल्या खात्यावर नुसत्या ओटीपीने आत सोडू नका, सभासद क्रमांकासारखी आणखी एक गोष्ट विचारा.

पासवर्ड तपासण्याविषयी फार लिहीत नाही, ते सर्वत्र लिहिलेलं आहे. साठवायला आर्गॉन२आयडी ही पासवर्ड उलगडता न येणाऱ्या रूपात ठेवणारी पद्धत वापरा. चुकीचा नंबर आणि चुकीचा पासवर्ड यांना एकच संदेश द्या. ओळख पटताच तुमच्या पानाचा सेशन क्रमांक नवा करा. एक गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. पासवर्डचा फॉर्म पोस्टने (भरलेला मजकूर सर्व्हरला देणाऱ्या विनंतीने) आल्यावर ब्राउझरला पुढच्या पत्त्यावर पाठवताना रीडायरेक्ट ३०३ चा द्या, ३०७ चा चुकूनही नाही. ३०७ मध्ये ब्राउझर पोस्ट जशीच्या तशी पुढे नेतो, म्हणजे पासवर्डसकट. मधला टप्पाही ३०७ असेल तर तो पासवर्ड थेट अॅपच्या सर्व्हरवर जाऊन पडतो. २०१६ मध्ये संशोधकांनी हा हल्ला मांडला, आणि जानेवारी २०२५ च्या आरएफसी ९७०० या सुरक्षाविषयक दस्तऐवजात त्याला वेगळी जागा आहे. तुमचं फ्रेमवर्क न सांगता कुठला आकडा पाठवतं, ते ब्राउझरच्या नेटवर्क खिडकीत एकदा डोळ्यांनी बघा.

आता सायबरची गोष्ट, कारण खरी गंमत तिथे आहे.

लॉगिन मान्य करताना ‘रिमेंबर’ असा एक पर्याय असतो, आणि किती सेकंद लक्षात ठेवायचं तेही सांगता येतं. ती मुदत शून्य दिली तर हायड्रा त्याचा अर्थ ‘ब्राउझर बंद होईपर्यंत’ असा घेतो. तुमच्या कोडमध्ये रिमेंबर ‘हो’ आणि मुदत शून्य आहे. नमुना कोडमधून उचललं असणार, आणि शून्य म्हणजे ‘लक्षात ठेवू नको’ असंच कुणालाही वाटेल. पुण्या-मुंबईत प्रत्येकाचा आपापला लॅपटॉप, तिथे हे खपून जातं. आपल्याकडे सावद्याच्या किंवा फैजपूरच्या सायबरमध्ये एका संगणकावर दिवसभरात पन्नास शेतकरी, मधे सातबारा, मधे पीकविमा, आणि ब्राउझर सकाळपासून एकच उघडा. घरीसुद्धा फोन मुलाचा असतो, त्यावर बापाचं खातं, काकाचं खातं. इथे ब्राउझर बंद होईपर्यंतची आठवण ठेवणं म्हणजे घराची किल्ली उंबऱ्यावर ठेवणं.

पण नुसतं रिमेंबर काढून भागणार नाही. तुमच्या मांडणीत एकाच वेळी तीन आठवणी, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेल्या तीन खुणा (कुकी), जिवंत आहेत. अॅपची स्वतःची कुकी, हायड्राची कुकी आणि तुमच्या लॉगिन पानाने ठेवलेली तिसरी. शेतकऱ्याने घड-नोंदीत ‘बाहेर पडा’ दाबलं तेव्हा फक्त पहिली पुसली गेली. पुढच्या माणसाने ‘आत या’ दाबलं, अॅपने हायड्राकडे पाठवलं, हायड्राने आपली कुकी पाहून स्किप म्हटलं आणि तुमच्या पानाने ते मान्य केलं. प्रत्येकाने आपलं काम चोख केलं आणि खातं दुसऱ्याचं उघडलं. म्हणून अॅपच्या ‘बाहेर पडा’ने स्वतःची कुकी पुसून माणसाला हायड्राच्या लॉगआउट पत्त्यावर न्यायला हवं, सोबत आयडी टोकन द्यायचं. तिथेही लॉगआउट चॅलेंज नावाची तिसरी चिठ्ठी येते, ती तुमच्या पानाने मान्य करायची आणि त्याच वेळी स्वतःची कुकी पुसायची. माझा सल्ला तर असा की लॉगिन पानाने स्वतःची आठवण ठेवूच नये. दोन ठिकाणी लक्षात ठेवलं की कधीतरी दोन वेगळी माणसं लक्षात राहतात.

‘मला लक्षात ठेवा’ ही चौकट ठेवा, पण रिकामी. शब्दही बदला. ‘हा फोन माझा एकट्याचा आहे’ असं लिहिलं तर लोक बरोबर उत्तर देतात. ‘मला लक्षात ठेवा’ म्हटलं की सगळे खूण करतात, कारण विसरलेलं कुणाला आवडतं! मुदत आठ-पंधरा दिवसांची द्या.

वजनाच्या अॅपमध्ये बँक खातं बदलण्यासारखी कामं आहेत. तिथे अॅपने विनंतीतल्या ‘प्रॉम्प्ट’ला ‘लॉगिन’ ही किंमत देऊन, किंवा ‘मॅक्स एज’ (ओळख किती जुनी चालेल) मध्ये पाच मिनिटं वगैरे सांगून, नव्याने ओळख मागावी. मग आठवण असली तरी स्किप ‘नाही’ येतो. परत आलेल्या आयडी टोकनातली ओळख पटल्याची वेळ अॅपने स्वतः तपासायची, नुसतं मागून मोकळं व्हायचं नाही. उलट ‘प्रॉम्प्ट’ची किंमत ‘नन’ असेल तर पान दाखवायचंच नाही असा अर्थ. आठवण नसेल तर ‘लॉगिन हवं’ या अर्थाची ठरलेली चूक अॅपकडे परत जाते, आणि ती बिघाड नसून उत्तर आहे.

फोनमध्ये पासवर्ड परत परत मागितला जातो ते वेगळ्या कारणाने. तुमचं अँड्रॉइड अॅप लॉगिनचं पान स्वतःच्या पोटातल्या वेबव्ह्यूमध्ये उघडतंय. त्या वेबव्ह्यूची कुकीची बरणी वेगळी, फोनमधल्या क्रोमची वेगळी, दुसऱ्या अॅपची आणखी वेगळी. मग एकाने ठेवलेली आठवण दुसऱ्याला कशी दिसणार? आरएफसी ८२५२ (ऑक्टोबर २०१७) फोनमधल्या अॅप्सना असा पोटातला ब्राउझर वापरायला मनाईच करतं. कुकीपेक्षा मोठं कारण हे की वेबव्ह्यूत टाकलेला पासवर्ड अॅपला वाचता येतो. ठिबकवाल्याच्या अॅपने तुमचं लॉगिन पान असं उघडलं तर शेतकऱ्याचा पासवर्ड त्यांच्या हातात गेलाच म्हणा. क्रोम कस्टम टॅब, म्हणजे अॅपमधून उघडणारी क्रोमचीच खिडकी, वापरा आणि सोबत पीकेसीई हवंच, म्हणजे कोड ज्या अॅपने मागितला त्यालाच त्याचं टोकन करता येतं.

बॅकच्या बटणाचं सोपं आहे. एकदा मान्य केलेली चिठ्ठी पुन्हा घेऊन गेलात की अॅडमिन ४१० या आकड्याने सांगतो, हिचा निकाल लागलाय, आणि सोबत कुठे पाठवायचं तेही देतो. ती चूक समजून लाल अक्षरं दाखवू नका, दिलेल्या पत्त्यावर पाठवून द्या. मुदत संपलेल्या चिठ्ठीचं वेगळं. वीज गेली, एसएमएस अर्ध्या तासाने आला, माणूस चहा पिऊन आला, अशा वेळी ‘वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा’ एवढं लिहून अॅपच्या पहिल्या पानाची कडी द्या. लॉगिन पानाने स्वतःच्या मनाने नवी विनंती रचायची नाही, ती अॅपकडूनच सुरू व्हायला हवी.

तुमच्या लॉगमध्ये सीएसआरएफची (दुसऱ्याने घुसवलेली विनंती ओळखण्याची) किंमत कुकीत सापडली नाही अशी एक तक्रार वारंवार दिसते. तुम्ही विचारलं नाहीत, पण तिचं कारण बहुतेक वेळा हास्यास्पद असतं. सुरुवात लोकलहोस्टने केलेली आणि परतीचा पत्ता १२७.०.०.१ लिहिलेला. माणसाला दोन्ही एकच, ब्राउझरला दोन वेगळी गावं, एका गावची कुकी दुसऱ्या गावात चालत नाही. एका ठिकाणी एचटीटीपी आणि दुसऱ्या ठिकाणी एचटीटीपीएस असलं तरी हेच. ती तपासणी बंद करायचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका. विनंती ज्या ब्राउझरमध्ये सुरू झाली त्याच ब्राउझरमध्ये संपतेय, हे हायड्राच्या बाजूने बघणारी ती एकमेव गोष्ट आहे. ती नसेल तर मी माझ्या खात्याची अर्धी चाललेली विनंती तुम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवीन, तुम्ही ती पूर्ण कराल आणि तुमच्या घडांच्या नोंदी माझ्या खात्यात जमा होतील.

संमतीच्या पानाकडे वळतो. तांत्रिक भाग तसाच आहे: चिठ्ठी घ्या, तपशील विचारा, मान्य किंवा नकार कळवा. इथेही स्किप असतो. या अॅपला हेच सगळं आधी दिलंय आणि लक्षात ठेवायला सांगितलंय, असा त्याचा अर्थ. घड-नोंद आणि वजन ही कंपनीची स्वतःची अॅप्स, त्यांच्यासाठी हे पान न दाखवणं योग्यच. आपल्याच घरात शिरताना कुणी परवानगी विचारत नाही. एवढं मात्र बघा की परतीचा पत्ता खरोखर तुमचाच आहे. फोनमधल्या अॅपने स्वतःचं काहीतरी बनवलेलं स्कीम (पत्त्याच्या सुरुवातीचा, ‘एचटीटीपीएस’च्या जागचा शब्द) परतीला वापरलं तर तेच स्कीम दुसरं अॅपही आपलं म्हणून नोंदवू शकतं, आणि न विचारता दिलेला कोड भलत्याच्या हातात पडतो. एचटीटीपीएसचा, तुमच्या डोमेनशी बांधलेला पत्ता ठेवा आणि सर्व्हरवर तो अक्षर-न-अक्षर जुळवा.

ठिबकवाल्यासाठी मात्र पान हवंच, आणि ते वाचता येईल असं हवं. सध्या तुमच्या पानावर ‘प्रोफाइल, प्लॉट रीड, ऑफलाइन अॅक्सेस’ असे स्कोप, म्हणजे मागितलेल्या परवानग्यांची तांत्रिक नावं, जसेच्या तसे छापलेले आहेत. एका शेतकऱ्याला मी असलं पान दाखवलं होतं. ‘ऑफलाइन’ वाचून तो म्हणाला, म्हणजे नेट नसताना चालेल ना, मग चांगलंच आहे. खरा अर्थ नेमका उलटा, तुम्ही समोर नसतानाही हे अॅप तुमची माहिती घेत राहील. असं असेल तर असंच लिहा: ‘तुम्ही अॅप बंद केल्यावरही तुमच्या बागेची माहिती घेत राहील, तुम्ही थांबवेपर्यंत.’ ‘प्लॉट रीड’ऐवजी ‘तुमची कांदेबाग आणि मृगबाग किती खोडांची, कधी लावली, हे बघेल. बदल करू शकणार नाही.’ (कांदेबाग आणि मृगबाग म्हणजे केळीच्या दोन हंगामांतल्या लागवडी.) काय करू शकणार नाही हे लिहिलं की लोक जास्त निश्चिंतपणे निर्णय घेतात, मग तो निर्णय ‘नको’ असला तरी. मथळ्यात ‘संमती’ लिहू नका, तो शब्द इथे लग्नात किंवा ऑपरेशनच्या कागदावर. ‘परवानगी’ लिहा.

ठिबकवाल्याचं नाव त्यानेच नोंदवलेलं असतं हेही लक्षात घ्या. उद्या कुणी ‘शासकीय केळी अनुदान’ असं नाव घेऊन अॅप नोंदवेल. नावाच्या खाली त्याचं डोमेन दाखवा, आणि बाहेरच्या प्रत्येक अॅपची नोंद माणसाने तपासूनच करा.

‘हो’ आणि ‘नको’ ही बटणं सारख्याच आकाराची हवीत. ‘नको’ दाबलं तर अॅपकडे नकाराची ठरलेली चूक परत जाते आणि अॅपने ती सभ्यपणे घ्यायला हवी. अर्धवट परवानगीही देता येते. मागितले चार स्कोप, तुम्ही मान्य केले दोन, हायड्रा दोनांचंच टोकन देतो. ठिबकवाल्याला करारातच सांगा की टोकनासोबत आलेले स्कोप वाचून मगच पुढे जा. नाहीतर शेतकऱ्याने ‘नको’ म्हटलेल्या गोष्टीपाशी त्यांचं अॅप कोसळेल आणि फोन तुम्हाला येईल.

इथे एक घोळ मी अनुभवी लोकांचाही पाहिलाय. स्कोप मिळाला म्हणजे माणसाला ते करायचा अधिकार मिळाला, असं नाही. गटाच्या सचिवाला सगळ्यांच्या हिशेबपट्ट्या दिसतात, साध्या सभासदाला फक्त स्वतःची. दोघांनीही ठिबकवाल्याला ‘पट्ट्या बघ’ अशी परवानगी दिली, तर दोन टोकनांमध्ये स्कोप एकच आहे. कुणाच्या वतीने किती दाखवायचं हे वजनाच्या सर्व्हरनेच सब्जेक्ट पाहून ठरवायचं. माणूस आपल्याकडचं दुसऱ्याला वापरू देतो, आपल्याकडे नसलेलं देऊ शकत नाही. संमतीच्या पानात पदांची तपासणी घालायचा मोह होईल. घालू नका, पद उद्या बदलतं आणि टोकन कालचंच असतं.

कायद्याचं बोलायचं तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो की परवानगी मोकळेपणाने, नेमक्या कामासाठी, माहिती देऊन आणि स्पष्ट कृतीने घेतलेली हवी. आधीच खूण केलेली चौकट त्यात बसत नाही. मजकूर इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय द्यावी लागते. अनुसूचीत २२ भाषा आहेत, मराठी आहे, अहिराणी नाही. लेवा बोलीही नाही. पण कायद्याने मागितलं नाही म्हणून देऊ नये असं थोडंच आहे? मजकुराशेजारी ऐकायचं एक बटण ठेवा, तीस सेकंदांत गावच्या बोलीत काय दिलं जातंय ते सांगणारं. आवाज तुमच्याच कार्यालयातल्या कुणाचा तरी चालेल.

त्याच कायद्यात आहे की परवानगी जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यायला हवी. म्हणजे खात्यात ‘कुणाकुणाला दिलंय’ असं एक पान आणि प्रत्येकापुढे ‘बंद करा’. हायड्राच्या अॅडमिनमध्ये सब्जेक्ट आणि क्लायंट (म्हणजे अॅप) देऊन संमती रद्द करता येते, तिच्यावर निघालेली टोकनंही बाद होतात. पण तुम्ही अॅक्सेस टोकन जेडब्ल्यूटी, म्हणजे सगळा तपशील सहीसकट आतच असलेल्या, प्रकारचं ठेवलंय. वजनाचा सर्व्हर ते सही बघून जागच्या जागी मानतो, हायड्राला विचारतच नाही. त्यामुळे रद्द केल्याची खबर त्याला मुदत संपेपर्यंत लागत नाही, आणि तुमची मुदत २४ तास आहे. ती दहा-पंधरा मिनिटांवर आणा. किंवा साधं अपारदर्शक, म्हणजे आतलं काही वाचता न येणारं, टोकन ठेवून दर वेळी इंट्रोस्पेक्शनने, म्हणजे हे अजून चालतं का असं हायड्रालाच, विचारा. तुमच्याकडची गर्दी बघता दुसरंच बरं, एवढ्या विचारपूशीने सर्व्हर थकणार नाही.

दोन्ही पानांवर फ्रेम-अॅन्सेस्टर्स, म्हणजे आपलं पान कुणाच्या पानात दाखवू द्यायचं ती सूचना, तिला ‘नन’ लावा. नाहीतर कुणी तुमचं परवानगीचं पान पारदर्शक करून ‘आजचा बऱ्हाणपूरचा भाव बघा’ या बटणावर अंथरेल आणि शेतकरी भाव बघता बघता परवानगी देऊन बसेल.

राहिला सायबरवाला. संगणकापुढे तो बसलेला, शेतकरी मागे खुर्चीत. पासवर्ड कागदावर लिहून दिलेला, ‘हो’ वर बोट सायबरवाल्याचं. हे तुमच्या पानाला कळत नाही आणि कळणारही नाही. आम्ही त्यावर एकच उपाय केला, तो चालला. बाहेरच्या अॅपला परवानगी गेली की पाच मिनिटांच्या आत शेतकऱ्याच्या नोंदलेल्या नंबरवर मराठीत एसएमएस: अमुक अॅपला तुमच्या बागेची माहिती बघू दिली आहे, नको असेल तर या नंबरवर मिस कॉल द्या. मिस कॉल आला की आपला सर्व्हर त्या अॅपची संमती रद्द करतो, लॉगिन लागत नाही. कॉलचा नंबर खोटा दाखवता येतो हे खरं, पण त्याने फार तर एक परवानगी बंद होईल, उघडणार काहीच नाही. एवढा धोका परवडतो. यासाठी एसएमएसचा मजकूर डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या एसएमएस-नोंदणी यंत्रणेवर, मंजूर करून घ्यावा लागतो, आणि अॅपचं नाव बदलती जागा म्हणून आधीच दाखवावं लागतं, नाहीतर प्रत्येक नव्या अॅपला नवा अर्ज. तो अर्ज आजच टाका. पानं लिहून होतील, पण मंजुरीच्या नावाने तुम्ही वाट बघत बसाल.